मस्टरवरचा सफाई कामगार

मालकांनी मस्टर उघडलं, माझ्या ओळीवर बोट ठेवलं आणि वही पाहुण्यांकडे फिरवली. केबिनमध्ये चार पाहुणे होते. पांढरे कपडे, हातात चहाचे कप. मी दाराजवळ उभा. हातात इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल. घाण लागू नये म्हणून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणलेला.

"ह्यो बघा," मालक म्हणाले. "इंग्रजीची परीक्षा पास झालाय म्हणं. न्यूझीलंडला निघालाय. आन् आमच्याकडं सात वर्सं अंगठा उठवतोय."

वहीत माझ्या नावापुढे निळे अंगठे होते. एकाशेजारी एक, पान भरून. पाहुणे हसले. एकाने माझा निकाल मागून घेतला, लांब धरून पाहिला आणि म्हणाला की हल्ली असले कागद घरपोच मिळतात. परत सगळे हसले.

मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सांगायला मला तोंड राहणार नाही. लाज वाटली की हसायची सवय आमच्या घरात तीन पिढ्यांची आहे. दात निघतात आपोआप. आत काय चाललंय ते दातांना कळत नाही.

मी काही फुकटचं मागायला गेलो नव्हतो. न्यूझीलंडला कुशल कामगार म्हणून जायचं तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. इंग्रजी येतं हे एक. आणि तुम्ही जे काम येतं म्हणता ते खरंच केलंय, हे दुसरं. पहिलं मी पुण्याला जाऊन सिद्ध करून आलो होतो. दुसऱ्यासाठी मालकाचं पत्र लागतं. डेअरीच्या लेटरहेडवर हुद्दा, कामाचं स्वरूप, कधीपासून, खाली सही आणि शिक्का. एवढंच.

मालकांनी क्लार्कला बोलावलं आणि पाहुण्यांसमोरच मजकूर सांगितला. सदर इसम आमच्या डेअरीत साफसफाई कामगार म्हणून काम करत असून त्याची वर्तणूक समाधानकारक आहे. क्लार्कने टाइप करून आणलं. मालकांनी सही ठोकली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"घे. ह्याच्यावर तुला इमानात झाडू माराय घेतील."

मी कागद घेतला. "बरं" म्हणालो. बाहेर आलो आणि सरळ इंजिनरूममध्ये गेलो. अमोनियाचा कॉम्प्रेसर चालू होता. तासाची नोंद घ्यायची वेळ झाली होती. मी प्रेशर पाहिलं, लिहिलं, तापमान पाहिलं, लिहिलं. साफसफाई कामगाराने त्या दिवशीही बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या निम्म्या गावांचं दूध थंड ठेवलं.

आमचं गाव अंथुर्णे. डेअरी बारामतीच्या वाटेवर, सणसरच्या पुढे. नाव घेत नाही, कागदोपत्री जिथे घ्यायचं तिथे घेतलं आहे. आबा, म्हणजे माझे वडील, त्या डेअरीत टँकर धुवायचे. टँकरच्या आत उतरून, हातात ब्रश घेऊन. धुण्याच्या कॉस्टिक सोड्याने त्यांच्या बोटांची सालं निघालेली असायची. जेवताना ते भाकरीचा तुकडा तळहाताने दाबून मोडायचे, बोटांनी नाही. मी इंदापुरात राहून रेफ्रिजरेशनचा आयटीआय केला. नोकरी कुठे लागेना. आबांनी मालकांच्या पाया पडून मला आपल्याच टोळीत लावलं. पोराला आत तर घेऊ दे, मग बघू, असा त्यांचा विचार.

पहिल्या दिवशी हजेरीला गेलो. डेअरीत हजेरीची पद्धत अशी: ऑफिस आणि प्लँटच्या माणसांचं मस्टर टेबलावर, त्याला सुतळीने बांधलेला पेन. सफाईवाल्यांचं मस्टर बाहेर पायरीवर, त्याच्याशेजारी शाईचं पॅड. पेन नाही. आमच्या टोळीत सगळी आमच्याच वस्तीतली माणसं. कुणी सातवी, कुणी दहावी, एक पोरगी तर बारावी झालेली. सगळे अंगठे देत होते. मी क्लार्ककडे पेन मागितला.

"तुमच्या लाईनीला पॅड हाय," तो म्हणाला. रागाने नाही. पाणी कुठं आहे ते सांगावं, तसं.

मागून आबांनी माझं मनगट धरलं आणि अंगठा पॅडवर टेकवला. कानाशी म्हणाले, महिनाभर चालवून घे, पेन मागितला की ह्यांना राग येतो.

महिना झाला, वर्ष झालं. पुढे मी इंजिनरूममध्ये गेलो, तरी माझं नाव पायरीवरच्याच मस्टरमध्ये राहिलं. आणि मी येता-जाता अंगठा दाबून पुढे जात राहिलो. कुणी रोज माझा हात धरत नव्हतं. खिशाला माझा स्वतःचा पेन असायचा. तरी मी वाकायचो, दाबायचो, पँटला पुसायचो. लवकर उरकायचं, आणि काय. मालकांचा दोष मालकांच्या पदरात घालीनच. पण हा माझा आहे.

माझ्या आज्याने धम्मदीक्षा घेतली तेव्हा तो पंचविशीत होता. शाळा त्याने बाहेरूनच पाहिलेली. दीक्षा घेतल्यावर त्याने पाटी आणली आणि वस्तीतल्या एका शिकलेल्या माणसाकडून आपलं नाव गिरवून घेतलं. मग मरेपर्यंत कुठे अंगठा दिला नाही. रेशनचा दुकानदार शाईची डबी पुढे करायचा. आजा डबी बाजूला सारायचा, बंडीतून पेन काढायचा आणि सावकाश, मागे रांग खोळंबलेली असताना, चार अक्षरं काढायचा. लोक वैतागायचे. तो वर पाहायचा नाही. त्याचा नातू मी. आयटीआय झालेला.

इंजिनरूममध्ये मी गेलो त्याची गोष्ट छोटी आहे. जुना ऑपरेटर सोडून गेला. मालकांनी त्या जागेवर आपल्या पुतण्याला बसवलं. पुतण्या इंजिनिअर. डिग्री आहे, मी पाहिली आहे, फ्रेम करून लावली आहे. एका दुपारी कॉम्प्रेसर बंद पडला. बाहेर टँकर उभे, आत दूध तापत चाललेलं आणि पुतण्या मॅन्युअलची पानं उलटतोय. मी तिथे फरशी धूत होतो. मी म्हणालो, ऑइलचं प्रेशर पडलंय, फिल्टर बघा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाना माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून पाना माझ्याच हातात राहिला आणि हुद्दा त्याच्या.

प्लँटचा एक लॉगशीट असतो. दर तासाला आकडे भरायचे, आणि काही बिघाड झाला तर काय झालं, काय केलं ते इंग्रजीत लिहायचं. ते मी लिहायचो. खाली ऑपरेटरची सही असते, ती पुतण्या करायचा. तो राहायला बारामतीत. डेअरीवर यायचा दोन-चार दिवसांतून एकदा, आणि सगळ्या सह्या एकदम मारायचा. मधल्या काळात मालकांनी विचारलं तर उत्तर देता यावं म्हणून त्याने मला सांगून ठेवलं होतं, रोज शीटचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकत जा. मी टाकायचो. तो उत्तराला अंगठ्याचं चित्र पाठवायचा. सहा वर्षं त्यानेही मला अंगठेच दिले, म्हणा.

इंग्रजी मी त्या मॅन्युअलवरून शिकलो. वाचायला आलं. बोलायचं कुणाशी? कॉम्प्रेसरशी. तो चालू असला की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. मी मोठमोठ्याने वाक्यं म्हणायचो. पुढे बारामतीत क्लास लावला. तिथली पोरं गाड्या घेऊन यायची, परदेशात कुठलं कॉलेज घ्यायचं यावर वाद घालायची. मी मागे बसायचो. अंगाला अमोनियाचा वास यायचा, माझ्या शेजारची खुर्ची बहुतेक मोकळी असायची. मला बरंच होतं, वही पसरायला जागा मिळायची.

परीक्षा पुण्याला. ऐकणं, वाचणं, लिहिणं झालं. शेवटी बोलण्याची परीक्षा, एका खोलीत एकटी परीक्षक बाई. तिने एक चिठ्ठी दिली. तुम्हाला चांगलं येणाऱ्या एखाद्या कामाबद्दल बोला. मी अमोनियाची गळती सांगितली. वास कुठून येतो ते कसं शोधायचं, कुठला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, वारा कुठल्या दिशेला आहे ते का बघायचं, माणसं कुठून बाहेर काढायची. ती बाई ऐकत होती. मध्ये बोलली नाही. मी अडखळलो तर थांबली. माझं झाल्यावर तिने विचारलं की हे करताना भीती वाटते का. मी म्हणालो, वाटते, पण तेव्हा वेळ नसतो.

परतीच्या एसटीत मला रडू आलं. माझ्या कामाबद्दल मला कुणी सलग दोन मिनिटं बोलू दिलं, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं, आणि ते एका अनोळखी बाईने परीक्षेचा भाग म्हणून केलं. रडणं पाटसच्या अलीकडेच संपलं. मग राग आला. तो अजून आहे. तो मी जपून ठेवला आहे.

तो राग घेऊनच मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो होतो, आणि तिथे हसून परत आलो.

आठ दिवसांनी मालकांनी परत बोलावलं. या वेळी खुर्ची दाखवली. मी बसलो नाही. डेअरीला बाहेरच्या देशात दुधाची भुकटी पाठवायची होती. त्यासाठी तपासणी होणार होती. तपासायला दक्षिणेकडची एक अधिकारी बाई येणार, तिला मराठी येत नाही, हिंदीही जेमतेम. प्लँट चालवणाऱ्या माणसाला ती स्वतः प्रश्न विचारणार. मालकांची अडचण मला कळली. त्यांनी तीही माझ्यावर उपकार केल्यासारखी सांगितली.

"तू आमच्या पुतण्याच्या मागं उभा राहा. मराठीत हळूच सांग, त्यो इंग्रजीत बोलंल. ऑडिट पार पडू दे, तुला पायजे तसलं लेटर देतो."

मी म्हणालो, आधी लेटर द्या.

"तुमच्या लोकांची हीच खोड हाय," मालक म्हणाले. "हातात पडल्याबगार हलायचं न्हाय."

मी मान डोलावली. हो म्हणालो. त्या लेटरसाठी मी त्या क्षणी पुतण्याचे बूटही पुसले असते. दोन वर्षं मी त्या लेटरवर नजर ठेवून जगत होतो. लग्न पुढे ढकललं होतं. आईने दोन मुली बघून नाही म्हणून कळवलं होतं, का तर पोरगा परदेशी जाणार आहे. म्हणून हो म्हणालो.

तपासणीच्या दिवशी पुतण्या नवा शर्ट आणि नवं पिवळं हेल्मेट घालून आला. बाई बारीक होती, चष्म्याची, कमी बोलणारी. इंजिनरूममध्ये आली, सगळं फिरून पाहिलं आणि लॉगशीटची फाईल मागितली. हे कोण लिहितं, असं तिने विचारलं. पुतण्या म्हणाला, मी. तिने पानं चाळली आणि एका दिवसावर बोट ठेवलं. या दुपारी इथे प्रेशर एवढं चढलंय, तासाभरात परत खाली आलंय. तुम्ही काय केलंत?

पुतण्याने मान मागे वळवली. माझं काम होतं दोन शब्द सांगायचं. हवा काढली. कंडेन्सरमध्ये हवा साठली होती, ती मी काढली होती. मला तो दिवसच काय, तेव्हा गळणारा घामही आठवत होता.

"काय केलं हुतंस रं?" पुतण्या ओठ न हलवता म्हणाला.

मी समोरच्या मीटरकडे बघत राहिलो.

त्याने परत विचारलं. त्याचा आवाज पातळ झाला. बाई थांबली होती. कॉम्प्रेसर चालू होता. त्याच्या नव्या कॉलरमध्ये घाम उतरताना मी पाहिला, आणि मला मजा आली. खोटं कशाला बोलू? पोटभर जेवल्यासारखं वाटलं. आणखी तासभर तो तसाच उभा राहिला असता, तर मी तासभर पाहिलं असतं.

मग बाईने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही इथे काय करता? मी तोंड उघडायच्या आत पुतण्या म्हणाला, क्लीनर. हा इंग्रजी शब्द त्याला बरोबर सापडला.

तिथून पुढे मी बोललो. इंग्रजीत. त्या दुपारी हवा कशी साठली ते सांगितलं, कशी काढली ते सांगितलं, आणि हे सगळं मी लिहितो हेही सांगितलं. यांनी फक्त सही केली आहे, आणि हजेरीच्या वहीत मी सफाई कामगार आहे. एका ठिकाणी वाक्य तुटलं. बाई थांबली. मी ते परत जुळवलं. तिने फाईलमधला एक कोरा शीट काढून मला पेन दिला आणि आताचे आकडे लिहायला सांगितले. मी लिहिले. तिने माझं पान जुन्या पानाशेजारी धरलं. मग मी मोबाइल काढून सहा वर्षांचे फोटो दाखवले, खालच्या अंगठ्यांच्या चित्रांसकट. पुतण्याच्या आळसाने माझा पुरावा तयार केला होता, माझ्या हुशारीने नाही.

तेवढ्यात मालक आले. दारातूनच म्हणाले, "ए, गप."

बाईला शब्द कळला नसेल, पण सूर कळला. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, तुम्ही बोला. मी बोललो. मालक ऐकत उभे राहिले. त्यांना त्यातलं काय समजत होतं कुणास ठाऊक, पण मधूनमधून त्यांचं स्वतःचं नाव येत होतं, ते त्यांना नक्की ऐकू येत होतं.

डेअरीचं सर्टिफिकेट अडकलं. त्याच दिवशी मला गेटबाहेर काढलं, आणि माझ्याबरोबर आबांनाही. आबा त्या वेळी टँकरच्या आत होते. वॉचमनने वरून हाक मारून त्यांना सांगितलं. ओल्या कपड्यांनीच ते माझ्या गाडीवर मागे बसले. सणसर गेलं, अंथुर्णे आलं. घरी आल्यावर ओट्यावर बसले.

"मला इचारायचं तरी हुतंस," ते म्हणाले.

त्यांचं अख्खं आयुष्य त्या डेअरीत गेलं होतं आणि ते मी त्यांना न विचारता उधळलं होतं. आई पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. मग त्यांनी विचारलं, सगळं सांगितलंस का. मी म्हणालो, सगळं. इंग्रजीत.

"मंग आता मागं सरू नगंस," आबा म्हणाले.

त्यांनी मला माफ केलं असं यातून कुणी काढू नये. त्या गोष्टीवर ते माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

पंधरवड्याने क्लार्क घरी आला. तोच, पॅड दाखवणारा. पिशवीतून त्याने दोन कागद काढले. पहिला म्हणजे लेटर. डेअरीचं लेटरहेड, हुद्दा रेफ्रिजरेशन प्लँट ऑपरेटर, सहा वर्षं, कामाचं सगळं वर्णन, मालकांची सही, शिक्का. मला हवं होतं तंतोतंत तेच. दुसऱ्या कागदावर माझी सही हवी होती. त्यात लिहिलं होतं की मी रागाच्या भरात खोटं बोललो, लॉगशीट पुतण्याच लिहितो, मी फक्त साफसफाई करतो.

"डोकं चालीव," क्लार्क म्हणाला. "न्यूझीलंड हातात आलंय. आबालाबी परत घेतील."

मी लेटर हातात धरून बसलो. कागद जाड होता, चांगला. मला ते हवं होतं. आबा समोर होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. त्यांच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं.

मग मी दोन्ही कागद खाटेवर शेजारीशेजारी ठेवले आणि मोबाइलने फोटो काढला. सही, शिक्का, तारीख, सगळं नीट दिसेल असा. एकाच मालकाने एकाच दिवशी एका कागदावर मला ऑपरेटर म्हटलं होतं आणि दुसऱ्या कागदावर तोच मी नाही असं माझ्याकडून वदवून घ्यायला बघत होता.

"फोटू कशाला?" क्लार्क म्हणाला.

मी त्याला दोन्ही कागद परत दिले आणि सांगितलं, तुमच्या मालकांना वाचून दाखवायला, पण हितं न्हाय, लेबर हापिसात साहेबापुढं.

न्यूझीलंडचा अर्ज मी लेटरशिवाय भरला. लॉगशीटचे फोटो जोडले, त्या दोन कागदांचा फोटो जोडला, इंदापूरला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. टोळीतल्या त्या बारावी झालेल्या पोरीने साक्षीदार म्हणून सही केली. तिचीही नोकरी त्यात गेली. ती म्हणाली, जाऊ दे. अर्ज मंजूर होईल की नाही, मला माहीत नाही. एजंट म्हणतो, अवघड आहे, मालकाचं पत्र असतं तर गोष्ट वेगळी होती. तो खरंच सांगत असेल.

इंग्रजीच्या परीक्षेत अडीचशे शब्दांचा निबंध लिहायला सांगतात. मी सोळा पानं लिहिली. तपासणी करणाऱ्या संस्थेला इंग्रजीत, कामगार आयुक्तांना मराठीत. पायरीवरचं मस्टर, टँकरमध्ये उतरणारी माणसं, कॉस्टिक, हातमोजे नाहीत, पुतण्याच्या सह्या, एकेक गोष्ट तारखेसकट. प्रत्येक पानाखाली माझं पूर्ण नाव.

मालकांनी मध्यस्थ पाठवले. वडगाव निंबाळकरचे एक तात्या येऊन गेले, आबांना म्हणाले, पोराला समजवा, त्यो तर निघून जाईल, हितं ऱ्हायचं तुमाला हाय. बाकीचे लोक म्हणतात, आता जाणारच आहेस तर कशाला ही कटकट, शांतपणे जा. मालकही तीच वाट बघतायत. हा गेला की सुटलो, असं त्यांना वाटतं.

त्यांना सांगायला मी हे लिहितोय. मला तुमची माफी नको, तुमचं लेटर नको, समझोता तर नकोच. साहेबासमोर तुम्ही उभे राहायचं, माझं एकेक पान मोठ्याने वाचलं जाईल ते ऐकायचं, आणि हे खरं का म्हणून विचारलं की तुमच्या तोंडाने हो म्हणायचं. मला ते बघायचंय. व्हिसा आला, विमानाचं तिकीट हातात पडलं आणि नेमकी त्याच दिवशी आयुक्तांकडे सुनावणीची तारीख लागली, तर मी तारखेला जाईन.